गळती क्रमांक सात

लग्नाकार्यात मला कुणी ‘कसे आहात’ असं विचारत नाही. ‘काय हो, उद्या पाणी आहे का?’ असं विचारतात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी हेच. मध्यंतरी एका दहाव्याला गेलो होतो. पिंडाला कावळा शिवायचा होता, सगळे माना वर करून उभे, आणि शेजारचा गृहस्थ माझ्या कानाशी लागून म्हणतो, “शेळके, आमच्या गल्लीत प्रेशर का नाही हो?” मी म्हटलं, “बाबा रे, आधी कावळ्याचं तरी होऊ दे.”

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, पंपावरच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं. गमती पुष्कळ आहेत. एक सांगून टाकतो, म्हणजे माझ्यावर बोल नको. सावेडीकडं एक निवृत्त सुभेदार राहायचे. मनगटावर घड्याळ, हातात वही. नळाला पाणी आलं की वेळ लिहायची, गेलं की वेळ लिहायची. चार मिनिटं उशीर झाला तरी मला फोन. “शेळके, आज तुमची तुकडी उशिरा पोचली.” मी म्हणायचो, “बघतो साहेब.” पंधरा वर्षं हे चाललं. माझ्या निरोपाच्या दिवशी ते कडक इस्त्रीचे कपडे घालून आले, मला सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, “तुम्ही मला एकदाही खोटं कारण दिलं नाहीत.” खरं होतं ते. मी कारणच कधी दिलं नाही. आमच्या खात्यात ‘बघतो’ हा एक शब्द असा आहे की त्यात होही बसतं आणि नाहीही बसतं.

झाली गंमत. आता जे सांगायचंय ते सांगतो.

मी मूळचा सोनईचा. व्हॉल्व्हमन म्हणून लागलो, मग पंप ऑपरेटर झालो आणि सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. माझं काम समजायला फार अक्कल लागत नाही. धरण खाली, नगर वर. पाणी आपणहून वर चढत नाही, त्याला ढकलावं लागतं. धरणाजवळ पंप, तिथून माळरानातनं मैलोन् मैल लोखंडी पाईप, आणि शेवटी शहराजवळच्या टेकडीवर टाक्या. टाकीतून पुढं पाणी उताराने तुमच्या मोरीत येतं. तुम्ही नळ सोडता तेव्हा तीस-पस्तीस माणसं कुठं ना कुठं उभी असतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पाईपलाईनचा खरा शत्रू चोर नाही, गंज नाही. हवा. पंप बंद पडला की पाईपात हवा शिरते, आणि पुन्हा सुरू केला की ती हवा उंचवट्याच्या जागी अडकून पाण्याची वाट अडवते. म्हणून जिथं जिथं लाईन चढावर जाते तिथं वर एक एअर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आत एक चेंडू असतो. हवा असली की चेंडू खाली पडलेला राहतो, हवा फुसकन बाहेर जाते. पाणी आलं की चेंडू तरंगत वर येतो आणि तोंड बंद करतो. एवढंच यंत्र. बिघडत नाही सहसा. बिघडवावं लागतं.

आमच्या लाईनवर निम्म्या वाटेवर एक मोठा उंचवटा होता. तिथं एअर व्हॉल्व्हची दगडी चौकट होती आणि चौकटीला लागून वीस-बावीस घरांची वस्ती. तिला मी इथं खडीवस्ती म्हणतो. सगळी बौद्ध घरं, खडीच्या क्रशरवर काम करणारी. गाव खाली ओढ्याकाठी. गावची विहीर गावात, गावची टाकी गावात, आणि टाकीचं पाणी चढावर येत नाही हे गावकऱ्यांनी एकदा सांगितलं ते सांगितलंच. वस्तीच्या दारातून मात्र आमचा पाईप गेलेला. रात्रंदिवस पाणी वाहतंय आतून, आणि वर माणसं कोरडी.

मला काम शिकवलं रंगनाथमामांनी. माझ्या आधीचे ऑपरेटर. तोंड फाटकं, पण हात सोन्याचा. पहिल्यांदा मला लाईनवर घेऊन गेले तेव्हा खडीवस्तीच्या चौकटीजवळ बसले, खिशातून बाभळीची एक ढलपी काढली, नखाएवढी जाड, आणि एअर व्हॉल्व्ह उघडून चेंडू आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये बसवली. पंप सुरू झाल्यावर चेंडू वर आला, पण पुरता बसेना. फटीतून पाणी उडायला लागलं. बायका हंडे घेऊन आधीच रांगेत उभ्या.

मी नवीन, नियमाचा. म्हटलं, “मामा, ही तर गळती झाली.”

“व्हय,” मामा म्हणाले. “वाटनं जानाऱ्या मानसानं पानी मागितलं तर देतो का न्हाई आपन? हितं तर पानीच वाटनं चाललंय. त्येनं जाता जाता दारात थांबू नये का?”

“आणि नोंद कशी करायची?”

“करायची न्हाई. लॉगबुकात गेलं की वर जातं. वर गेलं की बुजतं. ध्यानात ठेव भानुदास, ही गळती आपली न्हाई, त्यांची हाय. तिला नाव द्याचं न्हाई, आकडा द्याचा न्हाई.”

ढलपी पाण्यात राहून कुजते. दर दीड-दोन महिन्यांनी नवी घालावी लागायची. बाभळच का, तर ती पाण्यात लवकर सडत नाही, आणि तुटली तर पाईपात जाऊन काही बिघडवत नाही. मामांनी हे सगळं करून बघितलं होतं. मामा गेल्यावर ढलप्या तासायचं काम माझ्याकडं आलं. माझ्या टिफिनच्या पिशवीत चाकू आणि बाभळीची फांदी कायम असायची. बायको म्हणायची, “जगाचे नवरे पंपावरून पगार आणतात, आमचे लाकडं आणतात.”

वस्तीतली कारभारीण म्हणजे सुंदराबाई. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, काटक, आवाज असा की क्रशर चालू असताना ऐकू यायचा. रांग तीच लावायची. बाळंतिणीच्या घरचा हंडा पहिला, मग म्हाताऱ्यांचा, मग बाकी. भांडण झालं तर दोघींचेही हंडे मागं. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला भाऊ.

खंडेनवमीला आम्ही पंपांची पूजा करायचो. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. पहिल्या वर्षी मी एक नारळ घेऊन चौकटीपाशी गेलो. सुंदराबाई म्हणाली, “आमी पूजा करत न्हाई भाऊ. पन नारळ ठिवा, पोरं खातील.” आणि दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी ती चौकट वस्तीनं आतून-बाहेरून घासून घ्यायची, वर पांढरा चुना आणि कडेला निळी रेघ. मी विचारलं होतं, पूजा नाही म्हणता मग हे काय? “पूजा येगळी, निगा येगळी. ज्याचं पानी प्याचं ते साफ नको व्हय?” आमच्या सगळ्या लाईनवर तेवढी स्वच्छ चौकट दुसरी नव्हती. वरचे साहेब तपासणीला आले की मी त्यांना मुद्दाम तीच दाखवायचो. त्या दिवशी ढलपी काढून ठेवायची आणि वस्तीला आदल्या दिवशी सांगायचं. तपासणीचा दिवस त्यांचा उपासाचा.

एकदा ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्या मोबाईलवर सुंदराबाईचा फोन.

“भाऊ, पंप थांबवा. व्हॉल्व्ह पानी थुकायचा सोडून वारा आत वढाया लागलाय.”

मी पंपाजवळच होतो. प्रेशरचं घड्याळ, म्हणजे ज्याचा काटा पाईपातला दाब दाखवतो ते, समोर भिंतीवर. काटा जागच्या जागी. म्हटलं, “मावशी, इथं तर सगळं ठीक दिसतंय.”

“तुमचं घड्याळ घाला चुलीत! मी हात लावून बघितलाय. पाईप खाली रिकामा व्हतोय.”

मी पंप बंद केला. त्या घड्याळाचा काटा पंप बंद झाल्यावरही जागचा हलला नाही, तेव्हा कळलं की ते कधीचंच मेलेलं होतं. आम्ही जीप काढली. वस्तीच्या अलीकडं, ओढ्यावरच्या पुलाच्या बुडाशी लाईन फुटली होती आणि पाणी पुलाची भर धुऊन नेत होतं. वर एसटी थांबलेली, खाली माती सुटत चाललेली. अजून थोडा वेळ पंप चालला असता तर पूलही गेला असता आणि कदाचित एसटीही. मी ड्रायव्हरला एसटी मागं घ्यायला लावली.

संध्याकाळी लॉगबुकात मी लिहिलं, ‘गस्तीदरम्यान बाब निदर्शनास आली, तत्काळ कार्यवाही केली.’ सुंदराबाईचं नाव लिहायचं तर ती व्हॉल्व्हपाशी काय करत होती हेही लिहावं लागलं असतं. पुढं त्या कार्यवाहीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. घरी भिंतीवर आहे. मी ते तिला कधी दाखवलं नाही.

नंतर मोठी योजना आली.

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीचा नवा टप्पा व्हायचा होता. नव्या कंपन्या येणार, पण त्यांची पहिली अट पाण्याची. चोवीस तास, एकसारख्या दाबानं. मग ठरलं की जुनी लाईन बदलायची, पंप मोठे घ्यायचे, टेकडीवर नव्या टाक्या बांधायच्या. इथं मला कुणी गरीब बिचारा विरोधक समजू नये. मला ती योजना हवी होती. माझा मुलगा डिप्लोमा करून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. कारखाने इथं असते तर तो इथं असता, असं मी शंभरदा म्हटलंय. आणि खरं सांगू का, मला ते पंप हवे होते. तीस वर्षं जुन्या पंपांची पॅकिंगं बदलून बदलून माझी बोटं वाकडी झाली होती. नवे पंप ट्रेलरवरून उतरले त्या दिवशी मी त्यांच्यावरून हात फिरवला, आणि बरोबरीचे ऑपरेटर हसायला लागले. “भानूभाऊ, दृष्ट काढायची का?” म्हटलं, “काढा रे, खरंच काढा.” मीठ-मोहऱ्या मीच आणल्या.

योजनेच्या आधी लाईनची पाहणी झाली. सल्लागार कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला होता. हातात कायम टॅब, म्हणून आम्ही त्याला टॅबवाले साहेब म्हणायचो. वाईट नव्हता हं पोरगा. उन्हातान्हात आमच्याबरोबर फिरायचा, भाकरी मागून खायचा. एक दिवस मला म्हणाला, “काका, लाईनवरून लोक कुठं कुठं पाणी घेतात, त्या सगळ्या जागा मला लिहून द्या. नोंद असेल तर नव्या योजनेत तिथं नळकोंडाळं धरता येईल. नोंदच नसेल तर आम्ही कशाच्या आधारावर धरणार?”

बरोबरच बोलला की. मला ते इतकं बरोबर वाटलं की मी रात्रभर त्यावर विचारसुद्धा केला नाही. मामांचं म्हणणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण वाटलं, मामांचा काळ वेगळा होता. तेव्हा वर कळलं की बुजायचं, आता वर कळलं की मिळतं. आणि कुठवर चालायचं हे ढलपीवर? मी आज आहे, उद्या घरी. माझ्यानंतरच्या पोरांना बाभळ कुठली हे तरी ओळखू येणार आहे का?

चार दिवस मी लाईन पायी चाललो. अकरा जागा निघाल्या. कुठं धनगरांचा वाडा, कुठं शाळा, कुठं एकटं घर. माझ्या हस्ताक्षरात, कार्बन घालून, यादी केली. वर मथळा घातला, ‘गळतीची व पाणी घेण्याची ठिकाणे’. सातव्या क्रमांकाला लिहिलं, खडीवस्ती, एअर व्हॉल्व्ह, कुटुंबे बावीस. खाली सही केली.

तिथूनच वस्तीवर गेलो. सुंदराबाई चौकटीच्या कठड्यावर बसली होती. म्हटलं, “मावशी, नळ येतोय. ढलपीचं काम संपलं.”

ती लगेच हरखली नाही. “लिवलं का?”

“लिहिलं.”

“वस्तीचं नाव लिवलं?”

“नाव लिहिलं, घरं लिहिली, बावीस.”

“वाचून दावा.”

मी वाचून दाखवलं. मग ती उठली, घरात गेली आणि बशीत गूळ घेऊन आली. म्हणाली, “सरकारच्या कागदावर पान्यासाटी आमचं नाव पयल्यांदाच चढलं भाऊ. याची एक झेराक्स द्या मला.” दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्स नेऊन दिली. दिली म्हणजे काय, मिरवत दिली.

यादी टॅबवाल्या साहेबांकडून त्यांच्या ऑफिसात गेली. तिथं कुणीतरी ती टाईप केली. मथळा लांब वाटला असेल म्हणा किंवा रकान्यात बसला नसेल म्हणा, टाईप होताना ‘गळतीची ठिकाणे’ एवढाच राहिला. कुटुंबांची संख्या लिहायला रकाना नव्हता. तो कागद पुढं ठेकेदाराच्या कामात जोडला गेला. अकरा गळत्या, अकरा कामं. नळकोंडाळं नावाचं काम योजनेत कुठंच नव्हतं. टॅबवाल्या साहेबांना फोन केला तर ते दुसऱ्या राज्यात दुसऱ्या योजनेवर. “काका, मी शिफारस केली होती हो,” म्हणाले. केलीही असेल.

ठेकेदाराची माणसं खडीवस्तीला आली त्या दिवशी मी सुपरवायझर म्हणून हजर होतो. नवी लाईन जमिनीत पुरलेली, वर माती सारखी केलेली. नवा एअर व्हॉल्व्ह बंद पेटीतला, आतलं काही दिसत नाही. चुन्याची चौकट ब्रेकरनं फोडली, निळ्या रेघेसकट. तिथं काँक्रीटचं झाकण टाकून कुलूप घातलं. बायका हंडे घेऊन बाजूला उभ्या. त्यांना वाटलं, नळाचंच काम चाललंय. एकीनं मजुरांना चहा करून आणला. सुंदराबाईनं मला विचारलं, “तोटी कुनीकडं येनार भाऊ? पूर्वेला घ्या म्हनावं, दुपारी सावली असती.”

मी म्हटलं, “बघतो.”

ठेकेदाराच्या माणसानं कागद पुढं केला. गळती क्रमांक सात, काम पूर्ण. मी सही केली. मनात म्हटलं, हे बंद झालं तरच ते सुरू होईल, आधी जुनं मोजून संपवावं लागतं. माणूस स्वतःला काय काय सांगतो बघा.

पुढचं लिहायला मला जड जातंय, पण लिहितो, कारण या सगळ्यात मला सर्वात जास्त लाज त्याची वाटते. सगळ्या गळत्या बुजवल्यावर नव्या पंपांची चाचणी झाली. भिंतीवर नवं प्रेशरचं घड्याळ. पंप सुरू केला, काटा चढत चढत गेला आणि हव्या त्या जागी थांबला. थांबला तो थांबलाच. थरथर नाही, झुकणं नाही. जुन्या लाईनवर चालू घड्याळाचा काटा सतत नाचायचा, कारण लाईन जागोजाग पाझरायची. तीस वर्षं मी असा स्थिर काटा बघायला तरसलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला पेढा भरवला. तो पेढा घशाखाली गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की हा काटा स्थिर आहे याचा अर्थ खडीवस्तीवर आत्ता थेंब नाही.

मी गप्प बसलो असं नाही. तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं, सदर वस्ती शहराच्या हद्दीबाहेर आहे, ग्रामपंचायतीकडं जा. ग्रामपंचायत म्हणाली, आमची टाकी चढावर पाणी देऊ शकत नाही, लाईन शहराची आहे, त्यांच्याकडं जा. तिसऱ्याला उत्तर यायच्या आत मी निवृत्त झालो. त्या वर्षात वस्तीवर टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, कधी एकदा. ओढ्यात झिरा खणून बायका पाणी आणायला लागल्या. दोन घरं सोडून गेली. मी फोन करायचो, मग कमी केले, मग करेनासा झालो. तिकडून एकदाही दोषाचा शब्द आला नाही. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांना उत्तर देता येतं.

गेल्या महिन्यात मात्र सुंदराबाईच्या नातीचा फोन आला. प्रज्ञा. बी.कॉम. झालेली, नव्या टप्प्यातल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. म्हणाली, “आजीनं बोलावलंय. येऊन जा म्हणाली.” मी शेवग्याच्या चार शेंगा पिशवीत टाकल्या आणि निघालो. काय न्यावं तेच कळेना.

सुंदराबाई आता वाकली आहे. ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, “लई दिसांनी वाट सापडली.” मग प्रज्ञाला, “भाऊंना पानी दे.” प्रज्ञानं प्लॅस्टिकच्या बाटलीतून पेलाभर पाणी ओतून दिलं. गार, गोड पाणी. उन्हातून आलो होतो, मी अर्धा पेला एका दमात प्यायलो. म्हटलं, “टँकरचं पाणी बरं दिसतंय की.”

“टँकरचं कुठलं,” प्रज्ञा म्हणाली. “कंपनीतलं आहे. रोज सुटताना दोन बाटल्या भरून आणते. तिथं नळ असलाय की हात खाली धरला की आपोआप पाणी येतं.”

“गेटवर अडवत न्हाईत का?” सुंदराबाईनंच विचारलं, मला ऐकवायला असावं.

“बॅग तपासतात. पाणीच आहे म्हटल्यावर सोडतात.”

धरणातून निघालेलं पाणी या ओसरीखालून टेकडीवर गेलं, तिथून कंपनीत गेलं, आणि पोरीच्या बॅगेतून बसनं परत आलं. मी पेला खाली ठेवला. उरलेलं अर्धं पिता येईना आणि टाकताही येईना.

मी ठरवूनच गेलो होतो की आज सांगायचं. म्हटलं, “मावशी, ती यादी… ती नळांची यादी नव्हती झाली. ती बुजवायची यादी झाली. मी लिहिलं म्हणून बुजलं. नसतं लिहिलं तर कदाचित…”

“ठावं हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“झाकनाला कुलूप लागलं त्याच दिशी. नळाच्या कामाला कुलूप कशाला घालत्याल?” मग तिनं उशीखालून ती झेरॉक्स काढली. प्लॅस्टिकमध्ये घालून आणली होती, लॅमिनेशन करून. “पोरीनं अर्ज केलाय मोठ्या साहेबांकडं. ते म्हनत्यात, वस्तीला आधी पानी हुतं याचा पुरावा आना. आधी हुतं आन् बंद केलं असं ठरलं तर परत द्यावं लागतं म्हनं. कदी नव्हतंच म्हटल्यावर द्यायचा सवालच न्हाई. आमच्यापाशी कागूद एकच. ह्यो.”

प्रज्ञा म्हणाली, “पण काका, यावर पहिलाच शब्द गळती आहे. ते म्हणतात, गळती म्हणजे अपघात, पुरवठा नाही. अपघातावर हक्क सांगता येत नाही.”

सुंदराबाई माझ्याकडं बघत होती. “तुमी लिवून द्या भाऊ. अपघात नव्हता म्हना. आधी मामा आन् मग तुमी, तीस-चाळीस वर्सं जानूनबुजून सोडत हुता, आमच्यासाटी. ढलपीचं लिवा. तुमी नोकरीत हुता तवर म्या इचारलं न्हाई. आता तुमी सुटला.”

प्रज्ञानं एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. आधीच आणून ठेवलेलं होतं.

त्या कागदाकडं बघून माझ्या डोक्यात काय काय आलं, ते सगळं क्षुद्र होतं. शहराचं पाणी जाणूनबुजून तीस वर्षं वाया घालवलं असं मी सही करून दिलं तर निवृत्तीनंतरही चौकशी लागते. एकाला लागलेली मी पाहिली आहे, दोन वर्षं पेन्शन अडकलं होतं. मामांचं नाव येणार, त्यांची मुलं आहेत. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र आठवलं. सुभेदार आठवले. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन आठवलं. समोर जिनं एका फोनवर माझी नोकरी आणि एसटीभर माणसं वाचवली ती बाई बसली होती, आणि मी हिशेब करत होतो.

जमिनीला बारीक थरथर आली. सुंदराबाईनं तळहात ओसरीवर टेकवला. “दोन नंबरचा पंप लावला त्यांनी,” म्हणाली. “आज येळंवर लावला.”

बरोबर होतं. दोन नंबरचाच होता.

मी म्हटलं, “बघतो मावशी.”

तिनं मान हलवली. रागावली नाही. शेंगा घेतल्या, नातीला म्हणाली, “कागद दे त्यांच्याजवळ, घरी बसून सावकाश लिवतील.” मी तो कागद चार घड्या करून खिशात घातला आणि सहाच्या बसनं नगरला आलो.

त्यानंतर आठच दिवसांनी संपादकांचा फोन आला, आणि हा लेख मी तीन बैठकांत लिहून दिला. हात कुठं अडखळला नाही. वाचणाऱ्यांनी हळहळावं इतपत बरा झाला आहे, असं बायको म्हणाली. फक्त काळजी म्हणून यात वस्तीचं नाव बदललंय, सुंदराबाईचं बदललंय, मामांचं आणि माझंही बदललंय. म्हणजे हा अंक तिच्या नातीनं मोठ्या साहेबांपुढं नेऊन ठेवला तरी पुरावा म्हणून तो चालणार नाही.

तो कागद इथंच टेबलावर आहे. घड्या उलगडून वर वजन ठेवलंय. कोरा आहे अजून.